खालच्या वावरातली सीतादही

आज हजेरीला बावीसपैकी नऊ मुली. त्यातल्या दोघींना ताप होता म्हणून आईनं वावरात नेलं नाही, शाळेत पाठवलं. कार्तिक सरत आला की माझा वर्ग असा ओसाड पडतो. कापूस फुटतो, वेचणी लागते आणि पाटी-दप्तर खुंटीला टांगून पोरी आयांच्या मागं चालू लागतात. पूर्वी मी घरोघरी जाऊन भांडत असे. एकदा एक आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, कापूस काय तुमची शाळा सुटाची वाट पाह्यते?" तेव्हा मला फार राग आला होता. पंचवीस वर्षं हीच शाळा, हाच फळा. आता राग यायलाही अंगात जोर लागतो, तो मी नऊ मुलींसाठी राखून ठेवते.

खिडकीतून सेलूचा रस्ता दिसतो. कापसानं भरलेल्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडं चाललेल्या असतात, आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. त्या बाभळी मला बघवत नाहीत. झाडाचा त्यात काही दोष नाही, माझाच आहे. एका वर्षीच्या वेचणीत मी एकच गोष्ट ठरवत बसले होते, की माझ्या नवऱ्याला निरोप पाठवावा की पाठवू नये. तीन आठवडे ठरवत होते. सकाळी 'नको' आणि संध्याकाळी 'पाठवते'. त्या तीन आठवड्यांचा थकवा अजून गेलेला नाही म्हटलं तर लोक हसतील. हसू द्या.

तेव्हा आमचा सगळा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. माझं सासर वडनेरचं, हिंगणघाट तालुक्यातलं. घरी सासू, नवरा आणि सोमा. सासूचं कुंकू माझ्या लग्नाआधीच गेलेलं. सोमा हा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, जातीनं गोंड. घरी बायकोशी आपल्या बोलीत बोलायचा, आमच्याशी आमच्या. माझ्या नवऱ्याला त्यानं खांद्यावर खेळवलेलं होतं. दोन वावरं होती, एक वरचं आणि एक नाल्याला लागून खालचं. खालचं माझं आवडतं. तिथं पऱ्हाटीच्या तासांमध्ये, म्हणजे कपाशीच्या ओळींमध्ये, तूर असायची, आणि वेचणीच्या दिवसांत तुरीला पिवळा फुलोरा आलेला असायचा. सकाळी दहिवरानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. दुपारी बोंडाची वाळकी टोकं बोटांत शिरायची. मग आम्ही बायका चिंध्या गुंडाळून वेचायचो आणि जिच्या तिच्या नवऱ्याची टवाळी करायचो. माझ्या नवऱ्याची टवाळी करायला कोणाला काही सापडत नसे, कारण तो बोलतच नसे.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडं सीतादही करतात. पऱ्हाटीच्या एका झाडाखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो चारी बाजूंना शिंपायचा. मग पाच बोंडांचा कापूस ओढून त्याच झाडावर लोंबता ठेवायचा. त्यानंतर ओटी बांधून वेचायला लागायचं. गावोगावी रीत थोडी निराळी, पण वडनेरच्या आमच्या घरी ती घरच्या सवाशिणीनं करायची असते. म्हणून लग्न होऊन गेले त्या वर्षापासून दोन्ही वावरांतली सीतादही माझी. मी दहीभात शिंपायची आणि नवरा मागं हात बांधून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "बेस केलं." त्याच्या तोंडून कौतुकाचे दोन शब्द म्हणजे भाषण झालं. मी ते वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं.

मी सातवी झालेली. तेव्हा आमच्याकडं सातवी झालेली सून म्हणजे अप्रूप, आणि थोडी भीतीही. सेलूला, माझ्या माहेरी, मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी होती, आधी वर्धेला ट्रेनिंग करायचं होतं. वडलांनी पत्र घातलं. सासू म्हणाली, "मास्तरीनच होयाचं होतं तं मास्तराच्या घरी द्याची होती." तिचं मला नवल वाटलं नाही. मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पाहू." आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. "पाहू." अहो, 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, दोन शिव्या द्या, पण काहीतरी बोला! नाही. दिवाळीला भाऊ मला न्यायला आला. नवऱ्यानं माझी ट्रंक बंडीत ठेवली, दोर आवळला आणि म्हणाला, "येजो." मी म्हटलं, "घ्याले याल तं येईन." तो मान हलवून बैलांकडं गेला.

बावीस दिवसांनी घ्यायला आला तो सोमा. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, वर्धेहून सेलू, एवढा प्रवास करून. डोक्याला कोरा शेला, हातात तुरीच्या शेंगांचं गाठोडं. आता समजतं की त्यांच्या हिशेबी तो मान होता. सासरा नाही, दीर नाही, मग ज्यानं घरधन्याला खांद्यावर खेळवलं त्याच्याहून मोठा माणूस पाठवायचा कोणता? पण मी तेवीस वर्षांची, डोक्यात राग. वडील ओसरीवर येरझारा घालत म्हणाले, "गड्याच्या हाती सून धाडत नसतो आम्ही." आणि मी आतून त्यावर वरताण केली. "सोमा, त्यायले सांग, याचं होतं तं स्वतः याचं होतं. पाय दुखत होते काय?"

सोमा जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि म्हणाला, "येतो, मालकीनबाई." सुनेला न्यायला आलेला मुऱ्हाळी रिकामा परत गेला की गावभर कळतं. इकडच्या गावात कळलं, तिकडच्याही. शेंगांचं गाठोडं दोन दिवस तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी आईनं त्या उकडल्या. मी खाल्ल्या, आणि मेल्या चांगल्या लागल्या.

त्यानंतर तिकडून कोणी आलं नाही, इकडून कोणी गेलं नाही. मी ट्रेनिंग केलं, सेलूच्या शाळेत लागले. दोन वर्षं गेली. मग त्या वर्षी, वेचणी लागली तेव्हा, मामा आले. चहा प्याले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वडनेरवाले काडीमोड मागून राह्यले. आर्वीकडची पोरगी पाह्यली म्हनते. संक्रांत झाली का पंच बसतीन. तूबी मोकयी होशीन, पोरी. हो म्हन." मी म्हटलं, "बरं." दिवसभर पोरींच्या पाट्या तपासून आलेली होते. तेव्हा कोणी मला 'विहिरीत उडी मार' म्हटलं असतं तरी मी 'बरं' म्हटलं असतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं. पण आठ दिवसांनी चंद्राबाई सेलूला आल्या. चंद्राबाई म्हणजे वडनेरच्या आमच्या शेजारीण, त्यांची लेक सेलूला दिलेली, तिचं बाळंतपण होतं. बाळाला पाहायला गेले तर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काय सांगू वं मास्तरीनबाई, तुह्या खालच्या वावरात कापूस लोंबून राह्यला. वरच्या वावरात मीच केली सीतादही, सासूनं बलावलं म्हून. खालच्या वावराचं इचारलं तं तुहा नवरा म्हने, राहू द्या."

"राहू द्या? अन् काऊन?"

"आता मले काय मालूम? तो काय बोलते थोडाच!"

'राहू द्या.' पुन्हा दोनच शब्द, आणि या वेळी मी ते पंधरा दिवस चघळले. फुटलेला कापूस कोणी असा राहू देतो? जमिनीवर गळतो, माती लागते, कवडी होतो, भाव जातो. मग त्यानं का राहू दिला? मला वाटलं, माझ्यासाठी. ज्या वावरात मी सीतादही करायची तिथं दुसरीनं करू नये म्हणून. मला तसं वाटायला हवं होतं, हेही तितकंच खरं.

मग कार्ड आणलं. मजकूर दोन ओळींचा, तो मनात तयार होता. 'संक्रांतीच्या आधी एकदा भेटावं. बोलायचं आहे.' पण कार्डाला पत्ता लागतो, आणि पत्त्यात नाव लागतं. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा आडून आडूनच घेतलं होतं. वर्गात एक गंगू होती, तिच्या बापाचं नाव तेच. हजेरी घेताना मी नुसतं 'गंगू' म्हणायची आणि बाकीच्या पोरी खुदूखुदू हसायच्या, कारण पोरींना सगळं कळतं. तर मी टाक शाईत बुडवला आणि नावापाशी हात थांबला. मास्तरीण झाले, फळ्यावर भारताचा नकाशा काढते, आणि एक नाव लिहिता येईना! सासूच्या नावानं पाठवावं, तर ती कार्ड कोणाकडून तरी वाचून घेईल. सोमाच्या नावानं पाठवावं, तर त्यालाही दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल. ते कार्ड अजून ट्रंकेत आहे. एका बाजूला दोन ओळी आणि पत्त्याची बाजू कोरी. त्यावरचं तिकीट आता चालणारही नाही.

शेवटी एका रविवारी मी आईला सांगितलं, वर्धेला शाळेचं काम आहे. पहाटेच्या गाडीनं निघाले. बरोबर डब्यात दहीभात घेतला, वाटेत भूक लागली तर असावा म्हणून. कुंकवाची डबीही घेतली. ती कशाला घेतली हे मी स्वतःला विचारलं नाही. हिंगणघाटहून मोटार, मग फाट्यापासून पायी. गावात न जाता नाल्याच्या अंगानं गेले आणि खालच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर चढले.

पांढरं. बांधापासून बांधापर्यंत नुसतं पांढरं, आणि मध्ये तुरीचा पिवळा फुलोरा. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं.

बाभळीखाली सोमा अंबाडीचा दोर वळत होता. मला पाहून उठला, दोर खाली ठेवला, पण काही नवल केलं नाही. मी विचारलं, "सोमा, वावर काऊन असं ठेवलं?"

"मजूर नाई जी, बाई. पुलगावकडं काम निघालं, सारे तिकडं पयाले. जे भेटले ते वरच्या वावरात लावले. इकडं दोन-चार रोजानं लावू."

एवढंच! पंधरा दिवस मी ज्याचा अर्थ लावत होते तो मजुरांचा तुटवडा निघाला. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. सोमा दुसरीकडं पाहू लागला.

वरचं वावर तिथून दिसत होतं. बायका वेचत होत्या आणि माझा नवरा त्यांच्या ओट्या ढिगावर रिकाम्या करून घेत होता. माझ्याकडं पाठ. वाकण्याची लकब तीच, एक हात गुडघ्यावर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक काय मारणार? नाव घ्यायचं नाही. 'अहो' म्हणायचं तर त्या 'अहो'वर माझा हक्क उरला होता की नाही, तेच ठरायचं होतं. शिवाय सगळ्या बायकांनी माना वर केल्या असत्या. आणि खरं सांगू? मी फार थकले होते. मला वाटत होतं, आता त्यानं वळून पाहावं. मी दोन गाड्या बदलून, एक मोटार करून, तीन मैल चालून आले, तू नुसता वळ.

तो वळला नाही. त्याला तरी काय ठाऊक.

मी पहिल्या तासातल्या एका झाडाखाली बसले. नाल्यातले पाच खडे सोमानंच आणून दिले, न मागता. हळद नव्हती, नुसतं कुंकू लावलं. दहीभात शिंपला, पाच बोंडांचा कापूस ओढून झाडावर लोंबता ठेवला. अजून काडी मोडली नव्हती, म्हणजे त्या घरची सवाशीण मीच होते. उठताना सोमाला म्हटलं, "कोनाले सांगजो नको, मी आलती म्हून."

सोमा म्हणाला, "नाई सांगत."

आता, बायामाणसांत 'सांगू नको' म्हटलं की त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्या तोंडानं सांगायला लाज वाटते, तेव्हा तू सांग, असा तो असतो. चंद्राबाईंना म्हटलं असतं तर मी फाट्यावर पोचायच्या आत साऱ्या वडनेरला कळलं असतं. परतीच्या गाडीत मी अगदी निवांत होते. कितीतरी दिवसांनी डुलकी लागली. माझ्याकडून जे करायचं ते मी केलं होतं. आता सोमा सांगेल, आणि ज्याला यायचं असेल तो येईल.

कोणी आलं नाही. पौष लागला. रोज दुपारच्या गाडीची शिट्टी झाली की माझं पाढ्यांवरचं लक्ष उडायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि मामा निरोप घेऊन आले. मी समजले, सोमानं सांगितलं, नवऱ्यानं ऐकलं, आणि त्यावरही तो म्हणाला असेल, 'राहू द्या'.

पंच हिंगणघाटला एका सोयऱ्याच्या ओसरीवर बसले. काडी आणायची विसरले होते, तेव्हा कोणीतरी बाहेरच्या बंडीतली पऱ्हाटीची काडी तोडून आणली. ओली होती. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पंच म्हणाले, मोडा. मोडली. पण पऱ्हाटीची साल चिवट, ती तुटेना. त्यानं ओढली, मी ओढली. दोन तुकडे सालीवर लोंबत राहिले. कोणीतरी ओसरीत हसलं. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, आणि काहीतरी विचारणार असं तोंड केलं. मी खाली पाहिलं. वाटलं, ज्यानं सगळं कळूनही निरोप धाडला नाही त्याला आता काय विचारायचं आहे? एका पंचानं अडकित्ता काढला आणि साल कापून टाकली.

निघताना तो म्हणाला, "शाळा बेस चालते?"

मी म्हटलं, "चालते."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना गंगूपाशी आले. आता अडचण नव्हती. मी पहिल्यांदा तिचं नाव सबंध वाचलं, "गंगू दौलत."   एकही पोरगी हसली नाही. गंगू उठून हळूच म्हणाली, "हजर, बाई," आणि मी पुढचं नाव वाचलं.

त्यानंतर चार वर्षांनी वर्धेच्या फलाटावर सोमा भेटला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवं फडकं, बाकावर हात टेकून बसलेला. मी त्याच्या शेजारी बसले आणि हमालाला काही विचारलं, तेवढ्या आवाजावर त्यानं मान वळवली. "मालकीनबाई?"

मी म्हटलं, "आता कुठली मालकीन, सोमा!"

त्यानं वडनेरचं सगळं सांगितलं. सासू गेली. नव्या बाईला दोन लेकरं, बाई चांगली आहे. मालक तसेच, कमी बोलतात. मी ऐकत होते. मग माझ्यानं राहवलं नाही. "सोमा, त्या साली खालच्या वावरात मी सीतादही केलती. तू त्यायले सांगतलं, तवा ते काय म्हनले?"

सोमानं फडक्याखालून गाल पुसला. "मी कुठं सांगतलं जी? तुमी नको म्हनलं होतं."

फलाटावर मालगाडी लागत होती. ती थांबेपर्यंत मी तिचे डबे मोजले.

"मालकानं लय इचारलं," सोमा म्हणाला. "त्या झाडाखाली खडे पाह्यले, कुकू पाह्यलं. घरोघरी इचारलं, कोन्या बाईनं केली म्हून. कोनीच हो म्हने ना. मले तं तीन डाव इचारलं. म्हने, सोमा, तिनं केली असन तं सांग, मी पंचायले नाई म्हनतो. पन तुमाले शब्द देल्ला होता. मले वाटलं, तुमी वावराच्या मायेनं केली असन, मानसाच्या नाई."

तो डोळ्यांवरचं फडकं माझ्याकडं करून वाट पाहत होता. शब्द पाळला, चूक नाही ना झाली, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "बेस केलं, सोमा."

त्याच्या गाडीला वेळ होता. मी चहा आणला, कप त्याच्या हातात दिला, आणि त्याची बोटं कपाच्या कानाला नीट लागेपर्यंत मीही धरून ठेवला.